कोपरेवाले

काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडच्या गल्ल्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणी वेद शिकायला आलं, कोणी सरदारांच्या पदरी आलं, कोणी देह ठेवायला आलं आणि हवा मानवली म्हणून नातवंडं खेळवत राहिलं. या घरांत हल्ली कोपरेवाले निपजू लागले आहेत. वय पस्तिशीचं, नोकरी घरी बसून संगणकावरची, अपत्य एक. त्या अपत्याला घरच्या घरी आपापलं शिकता यावं असा कोपरा सजवणं हे जीवितकार्य.

कोपरेवाला ओळखावा खिशातल्या टेपवरून. मूल झालं की बाकीचे पत्रिका करतात, हा मापं काढतो. गुडघा ते टाच किती, बसल्यावर नजर कुठवर, हात वर केला तर बोट कुठे पोचतं. ही मापं घेऊन तो कश्मीरीगंजात जातो. तिथे खरादावर लाकूड फिरवून लाखेचे रंग चढवणाऱ्यांची घरं आहेत. भातुकलीची चूल, जातं, सिंदूरदाणी, सगळं लालपिवळं झळझळीत. त्या कामाला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. हा तिथे उभा राहून सांगतो, रंग अजिबात नको, लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे. रंगीत ढिगाऱ्यात बसलेला म्हातारा कारागीर हातातलं काम थांबवून काळजीनं विचारतो, "बिटिया बीमार है का?"

माँटेसरीबाईंविषयी तो घरच्या आत्याबाईंविषयी बोलावं तसं बोलतो. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झोत, कष्टकऱ्यांच्या वस्तीत, बाईंनी पहिलं बालगृह काढलं. १९३९ला अड्यारला शिक्षकांचा वर्ग घ्यायला म्हणून काही महिन्यांसाठी आल्या, इतक्यात महायुद्ध पेटलं, इटली शत्रुपक्षात गेली आणि बाई १९४६पर्यंत इथेच राहिल्या. माहिती खरी आहे. फक्त ऐकणाऱ्याला वाटतं, ती सगळी वर्षं त्या यांच्याच माडीवर उतरल्या होत्या. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला गरिबांच्या पोरांसाठी हेच शिक्षण दारच्या बिया, शिंपले, खडे घेऊन उभं केलं, हेही त्याला ठाऊक असतं. म्हणून त्यानं बिया-शिंपल्यांचा संच मागवलेला असतो. निर्जंतुक केलेला, बंगळूरहून, सुती पिशवीत.

कन्या सकाळी देवघरात आजीपाशी असते. दोन बोटांत पळी धरायची, गडव्यातलं गंगाजल पंचपात्रीत घालायचं, जीभ बाहेर, श्वास रोखलेला. एखादा थेंब ताम्हनाबाहेर गेला की स्वतःच "अगं बाई!" म्हणून पदर नसलेल्या फ्रॉकनं पुसायचा. आजी जपाची माळ ओढता ओढता "आता फुलं निवड" एवढंच म्हणते. मग पांढरी वेगळी, झेंडू वेगळा, देठ मोडलेली बाजूला.

दहा वाजता कोपऱ्यातून हाक येते. काचेच्या दोन सुरया मांडून 'ओतण्याचा पाठ' सिद्ध असतो. कन्या येते, या सुरईतलं त्या सुरईत ओतते, "झालं, बाबा," म्हणते आणि जाते. बाबा वहीत लिहितात : एकाग्रता कमी. उपाय : सुरई बदलणे.

"अहो, तिला जरा पसरू द्या की खेळणी," बायको म्हणते. पसरू द्यायची तर मांडली कशाला, हे त्याचं मनातलं उत्तर. तोंडानं तो "वातावरण बिघडतं" म्हणतो.

वातावरण बिघडवलं ते माकडानं. काशीत गच्चीला नि चौकाला जाळी लावतात ती हौस म्हणून नव्हे. पण प्रकाशाचा कोन साधावा म्हणून यानं एक झडप उघडी ठेवली. बाहेरून आलेल्या त्या विद्यार्थ्याला मांडणीची उंची तंतोतंत बसली. त्यानं एकेक वस्तू नीट हाताळली, चव घेतली आणि मोजणीच्या मण्यांची माळ उचलून शेजारच्या कठड्यावर जाऊन बसला. शेवटी एक केळं देऊन माळ सोडवली. कन्येनं हा व्यवहार डोळ्यांचं पातं न लवता पाहिला. दुपारी बाबांचा चष्मा नाहीसा झाला, आणि ती हात पुढे करून केळं मागू लागली. याची नोंद वहीत नाही.

कन्या वाढते, मापं चुकतात, कोपरा तोकडा पडतो. कोपरेवाला मात्र खचत नाही. परवा त्याच्या डोक्यात आलं, नानांसाठीही वाचायचा कोपरा करावा. ऐंशीच्या घरातले नाना दुपारचे आडवे झाले होते. झोपमोड नको म्हणून हा हळूच टेप काढून डोक्यापासून पायापर्यंत माप घेऊ लागला.

नानांनी एक डोळा उघडला.

"अरे, मणिकर्णिका काय लांब आहे? आयत्या वेळी बांबू मिळतात."