‘बदलून बघू’ पंथाच्या मेस्त्रींना खुले पत्र

मु. पो. पेठ वडगाव, ता. हातकणंगले येथील सन्माननीय मेस्त्रींस,


पत्रास कारण की, माझ्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगची घुंई बंद झाली. तुम्ही आधी पंप बदललात, मग रॅक बदललीत, तरी जी हटायला तयार नव्हती, ती कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं एका क्लिपमध्ये घालवली. आनंदाची बातमी आहे, म्हटलं पहिल्यांदा तुम्हालाच कळवावी.

त्यानं काय केलं ते सविस्तर सांगतो. इंजिन चालू ठेवायला लावलं, तेलाच्या डबीचं झाकण काढलं, मला स्टिअरिंग दोन्ही अंगांना फिरवायला सांगितलं आणि टॉर्च मारून आत बघत उभा राहिला. लाल तेलावर पांढुरका फेस. ‘हवा ओढतंय,’ एवढंच बोलला. मग डबीतून पंपाकडं जाणारी रबरी नळी बोटांनी चाचपली. नळीचं टोक इंजिनच्या उष्णतेनं कडक झालेलं, क्लिप सैल. चिमटीत धरून दाबल्याबरोबर आवाज खाली आला, सोडल्यावर परत वर. झालं निदान! कडक झालेलं टोक कापलं, नवी क्लिप आवळली, तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत हवा काढली आणि फेस बसल्यावरच इंजिन चालू केलं.

आता यातली मेख तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो. त्या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्यामुळं तिथून तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब सांडत नाही. तुम्ही गाडीखाली वाकून, ‘लिकेज कुठंच नाही, म्हणजे पंपच गेलाय,’ असा निकाल दिलात ना, तो इथं फसला. पंप बिचारा ओरडून सांगत होता की मला तेलाऐवजी हवा मिळतेय. तुम्ही ओरडणाऱ्यालाच बाहेर काढलंत.

आपलं गाव म्हणजे सेनापती धनाजी जाधवांच्या समाधीचं गाव. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे म्हणतात. तुम्हाला तेलात कायम पंप दिसतो. झाकण उघडायच्या आधीच दिसतो!

तुमचा तो लाडका मंत्र, ‘पंप बदलून बघू.’ त्यानं काही झालं नाही तर, ‘आता रॅक बदलून बघू.’ आपल्या वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैल लंगडताना दिसला, तर अडाण्यातला अडाणी माणूससुद्धा आधी खूर उचलून काटा बघतो. पाय बदलून बघू म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. आणि ‘बघू’ हे क्रियापद तुमचं असलं तरी त्याचे पैसे दरवेळी माझे. तुम्ही बघणार, मी मोजणार, आणि चुकलं तर, ‘जुनी गाडी हाय, चालायचंच.’ गाडी जुनी आहे हे मला आरसी बुकवर दिसतं, मेस्त्री. त्यासाठी गॅरेजला यायची गरज नव्हती.

बरं, ही विद्या काही काल-परवाची नाही. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरनं तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग 1920च्या दशकातच गाडीला बसवून दाखवलं. 1951 साली क्रायस्लर इम्पीरियलमधून ते बाजारात आलं. तेव्हापासून मूळ घाट तोच: डबीत तेल, पट्ट्यावर फिरणारा पंप, वाट बदलणारा व्हॉल्व्ह, आणि तेल परत डबीत. एवढ्याशा फेऱ्यात बिघाड हुडकायचा तर क्रम ठरलेला आहे. तेलाची पातळी, रंग, वास, फेस. मग पट्टा, वळताना किंचाळत असेल तर घसरतोय. मग इंजिन बंद करून पुढची चाकं उचलायची आणि स्टिअरिंग फिरवायचं. तरीही जड लागलं, तर दोष तेलाच्या बाजूचा नसून बॉल जॉइंट, स्ट्रटचं बेअरिंग किंवा कॉलमचा जॉइंट अडकलाय. डबीच्या तळाची जाळी गाळानं बुजली आहे का, तेही बघायचं. हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, दाबाचा गेज लावून पंपाची परीक्षा. लहान गाडीचा पंपही टायरमधल्या हवेच्या तीसेक पट दाब देतो. तो देतोय की नाही हे गेज सांगतो, कानाला कळत नाही. तुमच्या पद्धतीत शेवटची पायरी पहिली होती आणि तीही गेजशिवाय.

किरकोळ तक्रारी उरकून घेतो. तुमच्या पोऱ्यानं डबीत ब्रेक ऑइल ओतायला घेतलं होतं. मी हात धरला म्हणून रॅकचे सील फुगायचे वाचले. सीटवर ग्रीसचा पंजा उमटलाय. ‘संध्याकाळी देतो’ म्हणजे कुठल्या वाराची संध्याकाळ, ते आधी सांगत जा.

पण जुन्या पंपाचं काय? मी मागितला तेव्हा, ‘भंगारात गेला,’ म्हणालात. धडधाकट पंप भंगारात! माझा संशय वेगळा आहे. तो पुसूनपासून, रंग मारून, ‘रिकंडिशन’ या नव्या नावानं दुसऱ्या कुणाच्या गाडीत नांदतोय आणि तिथल्याही एका सैल क्लिपमुळं ओरडतोय.

आता चेष्टा बाजूला ठेवतो. तुम्ही ‘ओके’ म्हणून गाडी दिलीत त्याच आठवड्यात, वाठार फाट्यावर वळताना स्टिअरिंग एकदम जड झालं. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर, मागं माझी आई बसलेली. स्टिअरिंग तुटलं नव्हतं, फिरत होतं. पण दोन्ही हातांनी, सगळा जीव लावून ओढावं लागलं. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. पैसे गेल्याचं दुःख करीन आणि विसरीन. न तपासता ‘ओके’ म्हणालात, ते विसरणार नाही. तो शब्द उच्चारायच्या आधी हायवेपर्यंत एक चक्कर मारायला तुमचं काय जात होतं?

हे लिहून झाल्यावर गप्प बसणार होतो. पण उद्यमनगरातल्या त्या म्हाताऱ्याला मी पैसे देत होतो तेव्हा शेजारच्या गाडीचा मालक काय म्हणाला माहीत आहे? ‘एका क्लिपला पाचशे? लुटतोय की हो!’ हाच गृहस्थ पंप बदलला असता तर खोका बघून, बिल बघून, हजारो रुपये निमूट देऊन गेला असता. तेव्हा मला तुमचा मंत्र कुठून आला ते कळलं. या मुलखात लोखंडाला दाम आहे, डोक्याला नाही. तासभर वाकून तुम्ही म्हणालात, ‘काही गेलेलं नाही, नळी आवळली,’ तर गिऱ्हाईक हसून, चहाचं विचारून निघून जाणार. मग तुम्ही पंप विकता. दुसरं काय कराल?

त्यात तुम्ही पोऱ्या म्हणून डिझेलमध्ये पाने धुता धुता शिकलात. कंपनीचं मॅन्युअल इंग्रजीत, आणि तेही तुमच्यापर्यंत कुणी पोचू दिलं नाही. आता तर नव्या गाड्यांत तेलच नाही. 1988 साली सुझुकीनं सर्व्हो गाडीत मोटरवर चालणारं स्टिअरिंग आणलं, ते आज लहानसहान गाड्यांत आलंय. तिथं बिघाड सेन्सरचा, आणि तो वाचायला स्कॅनर लागतो. हायवेवरच्या शोरूममध्ये इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा तो लावतो आणि बघायचेच पैसे आधी घेतो; बिलावर छापून घेतो. तिथं कुणी हूं की चूं करत नाही. तुम्ही हातानं बघितलंत तर फुकट, यंत्रानं बघितलं तर जीएसटीसकट. या अन्यायाबद्दल माझा राग तुमच्या बाजूनं आहे, हे नोंदवून ठेवा.

तेव्हा मेस्त्री, एक पाटी रंगवून घ्या: ‘तपासणी तीनशे रुपये. काही बदललं नाही तरी द्यावे लागतील.’ पहिल्या पैशातून दाबाचा गेज आणा. पाटीवर वाद घालणारा पहिला माणूस आला की मला फोन करा. तुमच्यासाठी ठेवलेल्या बऱ्याच शिव्या अजून शिल्लक आहेत, त्या मी येऊन त्याला घालीन.

कळावे, लोभ असावा.
आपला (नाइलाजानं) कायमचा गिऱ्हाईक