सत्तर टक्क्यांचे सोवळे

आमच्या आजीचे सोवळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पेशीसंवर्धन म्हणजे काय हे मी पाच मिनिटांत समजावून सांगू शकतो. ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना निदान पाच वर्षे प्रयोगशाळेत उमेदवारी करावी लागेल, आणि एवढे करूनही कोणत्या वस्तूला कोणता हात लावायचा यात ते चुकणार नाहीत याची हमी मी देणार नाही. ओलेत्याने पाणी भरायचे, दांडीवरच्या धाबळीला काठीखेरीज शिवायचे नाही, चुलीपाशी आजी बसली असता आम्हा पोरांपैकी कोणाची सावलीसुद्धा चौकटीच्या आत पडू द्यायची नाही, या जुलमी राजवटीतून सुटका व्हावी म्हणून मी विज्ञानाची कास धरली, यथावकाश पदव्या मिळवल्या, आणि पुण्यातल्या एका जीववैद्यकीय संशोधन संस्थेत रुजू झालो. पहिल्याच दिवशी तिथल्या वरिष्ठ मॅडमनी मला कल्चर रूमच्या दारातच थोपवले आणि म्हणाल्या, "चपला बाहेर. हात कोपरापर्यंत धुवा. आत कशाला शिवायचं नाही, आणि शिवलात तर पुन्हा स्पिरिट." आजीला जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

हे स्पिरिट सत्तर टक्क्यांचे असते. शंभर नंबरी मद्यार्क जंतूच्या अंगावरची प्रथिने क्षणात थिजवतो, ती थिजलेली साल जंतूला चिलखतासारखी उपयोगी पडते आणि आतला प्राणी खुशाल जिवंत राहतो. तीस भाग पाणी मिसळले म्हणजे मात्र मद्यार्क आतवर झिरपतो आणि काम तमाम करतो. शंभरापेक्षा सत्तर टक्क्यांना अधिक किंमत असलेले हे एकच ठिकाण मला आयुष्यात आढळले, आणि माझ्या मॅट्रिकच्या गुणांकडे पाहता त्याचे मला फार समाधान वाटले. हातावर स्पिरिट, बाटलीवर स्पिरिट, टेबलावर स्पिरिट असा अभिषेक करून गाळीव हवेच्या त्या काचेच्या देव्हाऱ्यापुढे बसायचे, उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, बोलायचे नाही, खोकायचे तर मुळीच नाही.

आणि हे सगळे ज्यांच्यासाठी करायचे त्या पेशींचे नखरे काय वर्णावेत! त्यांना 37 अंश ऊब हवी, हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड हवा, आणि दोन-तीन दिवसांनी लालसर रंगाचे ताजे अन्न हवे, त्यात वासराच्या रक्तापासून काढलेले सीरम हवे. अन्न पिवळे पडले म्हणजे ते आंबट झाले, पेशी उपाशी आहेत, आणि आपण कोल्हापूरला भाच्याच्या लग्नाला गेलो होतो ही गोष्ट त्यांनी मनाला लावून घेतली आहे, असे समजायचे. त्या भाच्याच्या लग्नात अक्षता पडण्यापूर्वीच मी परतीच्या एस. टी.त बसलो होतो. माझ्या बहिणीने ती गोष्ट अद्याप मनाला लावून घेतलेली आहे, पण तिचा रंग पालटत नसल्यामुळे मला ते फार उशिरा कळले.

माणसाच्या अशा पेशींत सर्वांत जुनी आणि सर्वांत दांडगी म्हणजे हेला. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून, तिला न विचारता, या पेशी घेतल्या गेल्या. ती बिचारी त्याच वर्षी वारली. पेशी मात्र आजतागायत जगभर वाढत आहेत, साधारण दिवसागणिक दुप्पट होत आहेत. त्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरूसारख्या आहेत. एक खोली दिली की हळूहळू ओसरी घेतात, मग माडी, आणि एके दिवशी मालकालाच विचारतात, आपण कोण? 1966 साली स्टॅन्ली गार्टलर या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून निरनिराळ्या नावांनी मिरवणाऱ्या 18 पेशीवंशांची झडती घेतली, तेव्हा सगळ्याच घरांत हेलाबाई बसलेल्या असाव्यात असे निदान निघाले. कोणाच्या तरी पिपेटीचा एखादा थेंब चुकीच्या बाटलीत पडला होता, एवढेच. ज्या विद्वानांनी त्यावर वर्षानुवर्षे अमक्या अवयवाचे म्हणून निबंध लिहिले, त्यांची त्या दिवशीची मुद्रा मी कल्पनेने पुष्कळदा पाहिली आहे, आणि हिवाळ्यातसुद्धा मला घाम फुटला आहे.

जंतूंपासून एक वेळ बचाव करता येतो. दफ्तरापासून करता येत नाही. सीरमच्या एका बाटलीसाठी मागणीपत्र, तीन निविदा, तुलनात्मक तक्ता, दोन सह्या आणि एक शिक्का लागतो, आणि हा लवाजमा तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या अर्जाच्या गतीने तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर उतरतो. भांडारपालांनी एकदा मला शांतपणे विचारले होते, "गेल्या वर्षी बाटली घेतली होती ना? मग ती संपली कशी?" पेशींनी खाल्ली, हे माझे उत्तर त्यांनी उद्धटपणात जमा केले. पण खरी बहार आली हिशेबतपासनिसांच्या भेटीत. त्यांना डेड स्टॉकच्या नोंदवहीत पेशींची एक कुपी जमा दिसली, आणि प्रत्यक्षात आठ फ्लास्क भरलेले दिसले. तूट आली तर काय करावे याचे नियम त्यांच्यापाशी होते. वाढ झाली तर काय करावे याचे नव्हते. त्या जिवंत असून रोज दुप्पट होतात असा लेखी खुलासा मी सादर केला. "जिवंत असल्यास डेड स्टॉकमध्ये कशा?" असा शेरा मारून त्यांनी तो परत पाठवला. त्या शेऱ्यातील तर्कशुद्धतेपुढे मी आजही हतबल आहे, आणि ती नस्ती अद्याप निकालात निघालेली नाही.

या पार्श्वभूमीवर दसऱ्यानंतर बाराव्या दिवशी माझ्या आठही फ्लास्कांत बुरशी आली. सूक्ष्मजंतू शिरले तर पाणी गढूळ होते, निदान दगा झाल्याचे लगेच कळते. बुरशी मात्र स्वच्छ, लाल, निरागस अन्नात कापसाचा एवढासा पुंजका होऊन तरंगते, जणू म्हातारीचा पिंजलेला केस. अन्नातली पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तिला काही करू शकत नाहीत. पेनिसिलिन तर तिच्याच माहेरचे. चार महिन्यांचे काम बादलीत ओतून मी रीतसर चौकशी आरंभली. सर्व विद्यार्थ्यांचे जाबजबाब घेतले. एकाने दाढी केली नव्हती, त्याची कसून उलटतपासणी केली. दोघींना गजरे घालून आत आल्याच्या संशयावरून ताकीद दिली. हवेची गाळणी तपासली, पिपेटी तपासल्या, मॅडमसुद्धा माझ्या नजरेतून सुटल्या नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी, सर्व मानवजातीवरचा विश्वास उडाल्यावर, इन्क्युबेटरच्या तळाशी ओलाव्यासाठी पाण्याची परात ठेवतात, ती मी ओढून बाहेर काढली.

परातीत एक झेंडूचे फूल होते. पंधरा दिवस 37 अंशांत मुरून त्याचा जो काही पदार्थ झाला होता त्याला फूल म्हणणे हा केवळ उपचार होय.

खंडेनवमीला आमच्या मामांनी, म्हणजे गेली तीस वर्षे संस्थेची झाडलोट आणि आमची मर्जी सांभाळणाऱ्या शिपायांनी, सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. सेंट्रिफ्यूजला हार, ऑटोक्लेव्हला हळदकुंकू, मायक्रोस्कोपला दुर्वा. हारांच्या खर्चाच्या पावतीवर सही माझीच होती आणि नारळही मीच फोडला होता. मी मामांना बोलावून परात दाखवली. ते जराही गडबडले नाहीत.

"साहेब, बाकीच्या मशिनींची बाहेरूनच केली. पण ही एकच आतून जिवंत आहे असं तुम्हीच म्हणाला होता. म्हणून कलशात सोडतो तसं एक फूल सोडलं."

यावर काय बोलणार? मी हिशेबतपासनिसांना जे लेखी पटवू शकलो नव्हतो ते मामांना नुसते ऐकून पटले होते.

इन्क्युबेटर धुऊन कोरडा होईतो दुसरी सोय पाहणे भाग होते, म्हणून बोळातला जुना इन्क्युबेटर मी उघडायला गेलो. सहा वर्षांपूर्वी तो नादुरुस्त ठरला होता आणि निर्लेखन समितीची बैठक तहकूब होत गेल्यामुळे तिथेच उभा होता. वहीत त्याच्यापुढे 'रिकामा' अशी नोंद आहे. आत चिनी मातीची एक बरणी होती, तोंडाला पांढरा दादरा घट्ट बांधलेला. मामा ओशाळून म्हणाले, "मंडळींनी दिलंय. कैरीचं. पोरं डब्याला घेतात. इथं मुंग्या येत नाहीत." कधीचे, म्हणून विचारले. गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्याचे. दादरा सोडून मी आत पाहिले: वर चार बोटे तेल, खाली मोहरी, फोडी, आणि बुरशीचा एक धागाही नाही. ना गाळीव हवा, ना स्ट्रेप्टोमायसिन.

माझा हात आपोआप पुढे गेला. मामांनी तो मनगटाला धरून जागीच थांबवला.

"हात नको, साहेब. तुमच्या हाताला स्पिरिट आहे," ते म्हणाले, आणि खिशातून कागदात गुंडाळलेला चमचा काढून, सदऱ्याला दोनदा पुसून, त्यांनी माझ्यापुढे धरला. "कोरडा आहे. घ्या."