नेहमीचाच

सोसायटीत पार्किंगचा वाद पुन्हा पेटला आणि 2007 सालच्या सभेचं इतिवृत्त कोणाला तरी आठवलं. त्या साली सेक्रेटरी मी होतो. इतिवृत्त माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, कॉम्प्युटर माळ्यावर, आणि माळ्यावर चढू शकतील असे गुडघे आमच्या विंगमध्ये आता कोणाचेच उरलेले नाहीत. शेवटी वॉचमनने तो उतरवला. पाठीला कुबड असलेला मॉनिटर ठेवल्यावर टेबलाने आधी तक्रार केली, मग हिने.

बटण दाबलं तर गडी चक्क उठला. आतली नाण्याएवढी बॅटरी मेलेली, त्यामुळे त्याच्या मते आज 1 जानेवारी 2002 होती. तेवढं सोडलं तर तब्येत माझ्यापेक्षा बरी. एक्सपीचा निळा पडदा आला, माझं नाव आलं, नावाखाली पांढरी चौकट आली. पासवर्ड.

आठवेना. पण चौकटीशेजारी एक प्रश्नचिन्ह असतं. पासवर्ड ठेवतानाच स्वतःसाठी एखादी खूण लिहून ठेवायची, विसरलात तर ते दाबायचं. मी दाबलं. पिवळ्या फुग्यात माझेच शब्द उमटले : ‘नेहमीचाच’.

नुसतं ‘नेहमीचा’ नाही, वर ‘च’! मराठी माणूस जिथे पुरावा नसतो तिथे ‘च’ लावतो. येतोच, देतोच, उद्याच. तेव्हाचा मी आताच्या मला कोपराने ढोसून सांगत होता, अरे, तोच की! कोणता, ते सांगायची त्याला गरजच वाटली नव्हती. तेव्हा सगळंच नेहमीचं होतं ना. नेहमीचा दूधवाला, नेहमीचा न्हावी, आणि फडकं मारता मारता “काका, नेहमीचंच?” विचारणारा हॉटेलातला पोऱ्या. दूधवाल्याची आता पिशवी झाली, न्हाव्याचं सलून झालं, हॉटेलच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. राहिला फक्त हा नेहमीचाच. मी स्कूटरचा नंबर टाकून पाहिला. लँडलाईनचा नंबर टाकला, आधी नुसता, मग पुढे 2 लावून. तो 2 लागला तेव्हा अख्ख्या गावाने डायऱ्या दुरुस्त केल्या होत्या, मी पासवर्ड दुरुस्त केला होता का? मुलाचं पाळण्यातलं नाव टाकलं. मग कुलदैवत. कुलदैवत मराठीत एक असतं, रोमन लिपीत उतरलं की त्याचे आठ अवतार होतात. ज्योतिबा वायने की वायशिवाय, जे की जेएच, शेवटी ए एक की दोन? अर्धा तास मी देवाचं स्पेलिंग सोडवत होतो. हिने दिवा लावला.

आणि दर चुकीला तो कॉम्प्युटर शहाजोगपणे सांगणार, लहान आणि कॅपिटल अक्षरं बरोबर आहेत ना, तपासा. अहो, ज्या लिपीत मी विचार करतो तिच्यात कॅपिटल नाहीच! ज्ञानोबांचा ‘ज्ञ’ आणि गण्याचा ‘ग’ एकाच शिरोरेघेला लटकतात. पण पुढे हेच जगभर शास्त्र होऊन बसलं. वीजबिल भरायचं? निदान आठ अक्षरं, त्यांत एक कॅपिटल, एक आकडा, एक विशेष चिन्ह. वर तीन महिन्यांनी बदला, आणि मागचे पाच पुन्हा चालणार नाहीत. वीजबिल! माझं बिल दुसऱ्याने चोरून भरलं तर मी त्याला श्रीखंड खाऊ घालीन. बरं, या सगळ्या जाचातून देश काय शिकला? तर नाव, पहिलं अक्षर कॅपिटल, मग ॲट, मग 123. तीन महिन्यांनी 124. तोही लक्षात राहत नाही म्हणून पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कपाळावर चिकटवलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला कुंकवासारखा दिसणारा. चोराला अडवायला निघालेल्या या पहाऱ्यात आजवर अडकले कोण? चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे माझ्यासारखे मालक! एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजी बंद झाली. देखभाल गेली, पहारेकरी मात्र दारात उभाच, आणि तोही घरच्यांनाच अडवायला.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा आला. वय, हा कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुपट्यात असेल इतकं. मी त्याला स्कूटर, लँडलाईन, ज्योतिबा असं सगळं क्रमाने सांगू लागलो.

“काका, जरा सरकता का?”

मशीन बंद करून चालू केली. चालू होताना एफ आठ दाबत राहिला. सेफ मोड. माझ्या नावाशेजारी आणखी एक नाव उगवलं : ॲडमिनिस्ट्रेटर. हा कोण? इतकी वर्षं माझ्या घरात राहिला आणि मला पत्ता नाही! मुलाने त्याच्यावर क्लिक केलं आणि दार उघडलं.

“याचा पासवर्ड?”

“ठेवलेलाच नसतो, काका. बहुतेकांचा कोराच सापडतो.”

म्हणजे पुढच्या दाराला मी कुलूप, अडसर, वर ज्योतिबाची राखण ठेवली, आणि मागचं दार पहिल्या दिवसापासून सताड उघडं. मुलाने आत जाऊन माझा पासवर्ड काढून टाकला, दोनशे रुपये घेतले आणि चहाही न घेता गेला.

इतिवृत्त मिळालं. पार्किंगचा ठराव असा : ‘पुढील सभेत विचार व्हावा.’

त्याच फोल्डरमध्ये ‘महत्त्वाचे’ नावाची एक फाईल होती. उघडली.

‘कॉम्प्युटर : बँकेचाच. बँक : ईमेलचाच. ईमेल : हिला विचारणे.’

हिला विचारलं.

“मला काय माहीत? तुम्हीच म्हणाला होतात, नेहमीचाच ठेवलाय.”