काय काम काढलं?

जुन्नर-आंबेगावात मोटारसायकल घेऊन निघालेला माणूस एकटा असतो तो फक्त पहिल्या फाट्यापर्यंत. फाट्यावर वडाखाली, एसटीच्या शेडमध्ये किंवा पंक्चरच्या दुकानासमोर कुणीतरी बसलेलं असतंच. ते हात वर करतं, आपण ब्रेक दाबतो आणि प्रश्न येतो, "काय काम काढलं?"

या प्रश्नाला चालतील अशी उत्तरं ठरलेली आहेत. पाव्हण्यांकडं चाललोय. दहाव्याला चाललोय. कांद्याचं बी आणायचंय. पोरीसाठी स्थळ बघायचंय. तलाठ्याकडं उतारा काढायचाय. यातलं कुठलंही सांगितलं की समोरचा समाधानानं मान हलवतो आणि पुढच्या रस्त्यावर कुठं खड्डा आहे, कुठं मोरी खचलीय, ते आपण न विचारता सांगतो. "सहज, फिरायला" हे उत्तर मात्र चालत नाही. ते दिलं की ऐकणाऱ्याच्या लेखी आपण तिघांपैकी एक ठरतो: जमिनीचा एजंट, रेल्वेच्या मोजणीचा माणूस, नाहीतर घरात भांडून निघालेला. तिसऱ्या संशयात निदान चहा मिळतो.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो जर्मनीत नोकरीला असतो. मध्ये त्यानं भाड्यानं मोटारसायकल घेतली, ती बोटीत चढवली आणि भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटाला चक्कर मारून आला. फोटो आम्हाला घरबसल्या दिसले. बेट म्हणजे समुद्रातून थेट वर आलेला डोंगरच. मोंते चिंतो हे तिथलं शिखर २,७०६ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून उंच. पियाना गावाजवळ रस्ता तांबड्या कड्यांना बिलगून जातो, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला खाली निळं पाणी. डोंगरातल्या रस्त्यांवर मोकाट डुकरं निवांत आडवी येतात. अशा रस्त्यांवर नुसती वळणं घेण्यासाठी युरोपभरातून लोक गाड्या घेऊन येतात, असं भाचा सांगत होता.

आई व्हिडिओ कॉलवर हे सगळं मन लावून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "पण तिथं आपलं कोण हाय रे?"

"कोणी नाही, आजी."

"मंग उतरला कुणाकडं?"

"हॉटेलात."

आईनं फोन माझ्याकडं दिला. तिच्या लेखी प्रवास झालाच नव्हता, नुसतं पेट्रोल जळलं होतं.

भाच्यानं मला खिजवायला म्हणून सांगितलं, की नेपोलियनचा जन्म याच बेटावर, अजाक्सिओ गावात, १७६९ साली झाला. मी त्याला शांतपणे शिवनेरी आणि १६३० या दोन गोष्टींची आठवण करून दिली. जन्मस्थळाच्या बाबतीत जुन्नर तालुका कॉर्सिकाच्या १३९ वर्षं पुढं आहे. मग तो म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर गाडी चालवताय, पण असे कधी फिरला नाहीत ना?" हा प्रश्न मात्र दोन दिवस डोक्यात राहिला.

खरं म्हणजे आमच्याकडं मोटारसायकल हे बैलानंतर दावणीला आलेलं जनावर आहे. तिला काम लागतं. पल्सर जिथं तयार होते तो चाकणचा कारखाना आमच्याच पुणे-नाशिक रस्त्यावर, शेजारच्या खेड तालुक्यात. पण जाहिरातीतली पल्सर रिकामी पळते, नारायणगावच्या बाजारातल्या गाडीवर मागं टोमॅटोचे क्रेट असतात. एकेकाळी पहाटेच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली एम-एटी दिसायची. तिच्या आवाजावर लोक उठायचे. आता स्प्लेंडरवर गवताचा भारा असा येतो, की भाऱ्याला चाकं फुटल्यासारखं वाटतं आणि चालवणारा दिसतच नाही. फवारणीचा पंप, खताची गोणी, आजारी शेळी, परीक्षेला निघालेली दोन पोरं, सगळं त्याच सीटवर. टुरिंगच्या गाडीला कपडे ठेवायला दोन्हीकडं डबे असतात म्हणे. आमच्या गाडीला कॅन अडकवायचे हूक असतात.

तरीही आम्ही फिरतो. फिरण्याला कामाचा सदरा घालून फिरतो, एवढंच. श्रावणी सोमवार हा असला सर्वमान्य सदरा. भीमाशंकरला दर्शनाला निघालेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. घोडेगाव, शिनोली, डिंभे अशी गाडी जाते, पोखरीचा घाट लागतो आणि धुक्यात पुढचं वळण पुसून जातं. हेडलाइट लावावा तर पांढरी भिंत दिसते, न लावावा तर समोरून एसटी येते. आमच्याकडं समुद्र नाही, पण घोड नदीवरचं डिंभे धरण आहे. त्याचा फुगवटा डोंगरांच्या सांदीसांदीत शिरलाय आणि रस्ता कधी पाण्याच्या कडेनं, कधी त्याच्या डोक्यावरून जातो. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि नाव तेवढं पाण्याखालच्या गावाचं चालतं. दर्शनाला मंदिरात जेवढा वेळ जातो, त्याच्या कितीतरी पट वेळ या रस्त्यावर थांबण्यात जातो. पण घरी सांगताना "दर्शन छान झालं" असंच सांगायचं असतं.

त्याच डिंभ्याच्या पाण्याच्या काठानं दुसरा रस्ता आहुप्याला जातो. तिथं एकट्यानं जाता येत नाही, कारण एसटी मोजक्याच आणि फाट्याफाट्यावर हात वर. "वरच्या वाडीपर्यंत सोडता का?" म्हणत म्हातारबाबा मागं बसतात आणि गाडीचं वजन वाढण्याबरोबर ज्ञानही वाढू लागतं. भाच्याच्या नकाशात वळणांना नंबर होते. इथं वळणांना नाती असतात. ह्या वळणाच्या वर साडूचं खाचर. हितं लग्नाचं वऱ्हाड रात्रभर अडकलं होतं, नवरी मात्र झोपली होती निवांत. ह्या मोरीपाशी हिरड्याचा व्यापारी यायचा. हिरड्याच्या हंगामात वाड्यांच्या अंगणात, कधी रस्त्याच्या कडेलाही, बाळहिरडा वाळत घातलेला असतो आणि गाडी त्याला वळसा घालून न्यायची, हा इथला वाहतुकीचा नियम. माळीण आलं की म्हातारबाबा बोलायचे थांबतात. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला आणि १५१ माणसं गेली. तिथं मी गाडी हळू करतो आणि तेही पुढचं वळण येईपर्यंत काही सांगत नाहीत.

मग आहुपे येतं. रस्ता संपतो, जमीनही संपते. कड्याखाली कोकण, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. तिथं उभं राहून वारा खायला मला अजून एकही पटण्यासारखं काम सापडलेलं नाही. म्हातारबाबांना सोडायला आलो होतो, हेच खरं कारण ठरतं.

उत्तरेला कल्याण-नगर रस्त्यावर मात्र निसर्गानंच वेगळा विनोद केलाय. माळशेजच्या तोंडाशी पावसाळ्यात धबधबे थेट रस्त्यावर पडतात, रेनकोट घातलेला माणूस रेनकोटसकट भिजतो. तिथून मढ, डिंगोरे, ओतूर, आळेफाटा, बेल्हे करत पूर्वेला जा. ढगांनी आपलं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच टाकून दिलेलं असतं, त्यामुळं जसजसं पुढं जावं तसतसे अंगावरचे कपडे वाळत जातात. गुळुंचवाडीला ओढ्यानं खडक कोरून नैसर्गिक पूल केलाय, त्याच्याजवळून आणे घाट चढून पठारावर पोचेपर्यंत सदरा खडखडीत वाळतो आणि माणूस पाण्याची बाटली शोधू लागतो. एकाच तालुक्यात, पेट्रोलच्या एकाच टाकीत, एका टोकाला दरडीची भीती आणि दुसऱ्या टोकाला टँकरची वाट. माळशेजला भजी खाताना लोक "आता थांब म्हणावं" असं पावसाला म्हणतात आणि आण्यात "इकडं सरक" म्हणतात. दोघांचंही तो ऐकत नाही.

नारायणगावजवळ खोडदला गेलो, की मात्र माझ्या गाडीची मलाच लाज वाटते. तिथं ४५ मीटर व्यासाच्या तारजाळीच्या थाळ्या आकाशाकडं तोंड करून उभ्या आहेत. एकूण ३०, त्यातल्या १४ खोडदच्या आसपास आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. दूरच्या दीर्घिकांमधून आलेल्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ती ऐकते, आणि रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडलेली. आता गंमत अशी, की पेट्रोलच्या इंजिनातल्या स्पार्क प्लगची ठिणगीही रेडिओलहरी सोडते. म्हणजे विश्वाचा जन्म कसा झाला हे कुणीतरी जिवाचा कान करून ऐकतंय, आणि मी तिथून टोमॅटोचं औषध आणायला फटफट करत चाललोय. एवढ्या मोठ्या कामाच्या शेजारून जाताना आपलं काम फारच लहान वाटू लागतं.

पण या सगळ्या रस्त्यांचा आजोबा आहे नाणेघाट. जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर करत मोटारसायकल घाटमाथ्यापर्यंतच जाते. पुढची दगडी वाट पायांची आणि एकेकाळी बैलांच्या तांड्यांची. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरात उतरलेला माल या घाटानं चढून जुन्नरला आणि पुढं पैठणपर्यंत जायचा. घाटातल्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, त्यात तिनं केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आकड्यांसकट कोरलीय. हिशेब चोख ठेवायची जुन्नरची सवय तेव्हापासूनची असावी. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. त्याला सगळे जकातीचा रांजण म्हणतात.

त्या रांजणापाशी बसलं, की फाट्यावरचा प्रश्न किती जुना आहे ते कळतं. जकात घेणारा माणूस चढून आलेल्याला दुसरं काय विचारणार? कुठून आलात, काय घेऊन चाललात, काय काम काढलं? "सहज, फिरायला" हे उत्तर तेव्हाही चाललं नसतं.

आणि येणाऱ्यांत भाच्याच्या त्या समुद्राकडची माणसंही होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याणचं नाव आहे. जुन्नरच्या लेण्यांमधल्या लेखांत देणगीदार म्हणून यवनांची नावं कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनानं भिक्षूंच्या संघाला भोजनमंडप दिला. आले असतील ते व्यापाराला, म्हणजे कामालाच. नफ्यातोट्याचं काय झालं ते कुणी कोरून ठेवलेलं नाही, पण डोंगरातल्या परक्या माणसांना त्यांनी दिलेलं पाणी आणि जेवायची जागा यांची नोंद दोन हजार वर्षं टिकली. काम त्यांना घाट चढवून इथवर घेऊन आलं, आणि ते आटोपल्यावर जे केलं ते कुठल्याच कामाच्या यादीत नव्हतं. आमच्या फिरण्याची रीतही हीच आहे, फक्त आम्ही ती खडकावर कोरत नाही.

२०१८ साली सरकारनं जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. तेव्हापासून हेल्मेटवर कॅमेरा लावलेली मुलं शनिवार-रविवारी मोठ्या संख्येनं येतात. ती फाट्यावर थांबत नाहीत, त्यामुळं त्यांना प्रश्नही विचारता येत नाही. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्यामुळं कुणाची भजी खपतात, कुणाच्या घरात मासवडीची ऑर्डर येते, एकाचं फिरणं दुसऱ्याचं काम होतं. फक्त वाटतं, की इतक्या लांब आलेच आहेत, तर कुणीतरी त्यांना एखादं काम सांगायला हवं होतं.

हे भाच्याला सांगितलं तर तो हसला. मग म्हणाला, "मामा, एक सांगायचं राहिलंच." बेटाच्या आतल्या डोंगरात त्याचं पेट्रोल संपत आलं होतं. जवळचा पंप बंद. एका खेड्यात त्यानं एका म्हातारीला हातवारे करून विचारलं. तिनं आधी त्याला सावलीत बसवलं, पंपवाल्याकडं नातवाला पाठवलं आणि तो येईपर्यंत चेस्टनटच्या पिठाचा केक खायला घातला. तो भारतातला आहे हे कळल्यावर घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. ही हकिगत सांगताना तो रंगून गेला होता. तिच्या नातवाचं नाव त्याला पाठ होतं. पियानाच्या त्या सुंदर वळणांपैकी नेमकं कुठलं फोटोत आहे, हे मात्र त्याला आठवेना.

"म्हणजे तुला तिथंही काम निघालंच की," मी म्हटलं.

आई आतून ऐकत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या हातातला फोन घेऊन म्हणाली, "आधीच सांगायचं व्हतं तिथं आपलं माणूस हाय म्हणून. आता मला सांग, त्या बाईला मासवडी धाडली तर तितके दिवस टिकंल का?"