घिसाड्याशी घासाघीस कशाला?

हातानं घडवलेली, ओबडधोबड दिसणारी सुरी ओट्यावर हवी, अशी हौस हल्ली वाढली आहे. पात्यावर हातोडीचे ठोके हवेत, पाठीवर भट्टीचा काळेपणा हवा, मूठ साध्या लाकडाची हवी. हौस चांगली आहे. ती भागवायला लोक मोबाइल उघडतात आणि एका सुरीसाठी हजारांत पैसे मोजतात, हे मात्र मला खटकतं. यंत्रानं कापलेल्या पात्यावर साच्यातून खळगे उठवायचे आणि ते हातकाम म्हणून खपवायचं, ही सरळ फसवणूक आहे. ती बाजारात राजरोस चालते.

नशिराबादच्या माणसाला तरी असं फसायचं कारण नाही. जुना सहा नंबरचा, आता त्रेपन्न नंबरचा महामार्ग आपल्या दारातून जातो. त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात, त्यांचे स्प्रिंगचे पाटे तुटतात, आणि तुटलेला पाटा भंगारातून रस्त्याकडेला पाल टाकून लोहारकाम करणाऱ्या घिसाड्याच्या भट्टीत येतो. या स्प्रिंगच्या पोलादात अर्ध्या टक्क्याहून जास्त कार्बन असतो, म्हणून ते पाणी धरतं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. बांधकामाच्या सळईत तो पाव टक्क्याच्या आसपास. सळईची सुरी दिसायला तशीच, पण तिची धार लवकर बसते. म्हणून घेताना पहिला प्रश्न एकच विचारा: पाट्याची आहे का?

काम बघायला थोडा वेळ थांबा. तो सांडशीत लालभडक पट्टी धरतो, छोट्या हातोडीनं जागा दाखवतो आणि समोर उभी राहून त्याची बायको नेमका तिथंच घण घालते. घण चालवणारी बाई मी इतर कुठल्या धंद्यात पाहिलेली नाही. पातं आकाराला आलं की कानस, मग धारेची कड पुन्हा लाल करून तेवढीच पाण्यात बुडवायची. पाठ मऊ राहते, म्हणून पातं सहजी मोडत नाही. पाठीतली धग हळूहळू धारेकडे उतरते. कडेवर गवती पिवळा रंग चढला की पुन्हा पाण्यात. हे सगळं नजरेच्या अंदाजानं. तापमापक नाही, घड्याळ नाही. रंग ओळखण्यात चूक झाली तर धार ठिसूळ होते किंवा वाकते.

त्याच्याच कानसेनं परीक्षा करा. धारेवर हलकी फिरवा. घसरली तर पाणी बसलंय, चावली तर कच्चं राहिलंय. मांडलेल्या मालात बहुतेक विळे, कोयते, कुऱ्हाडी असतात. सुरी हवी तर कागदावर आकार काढून द्या. भरितात घालायचा पातीचा कांदा चिरायला पातळ पातं, मटणाला जाड. मुठीतून पात्याची शेपटी आरपार आलेली हवी, नाहीतर मूठ सुटते.

ही सुरी गंजते. लिंबू, चिंच, टोमॅटो लागला की काळी पडते. तो बिघाड नव्हे. धुऊन लगेच पुसायची आणि तेलाचं बोट फिरवायचं. धार गेली तर साध्या दगडावर पुन्हा चढते.

आणि भाव. सगळं धरून काही शे रुपये. तेवढ्यावरही आपण वीस रुपये पाडायला उभे राहतो! मोबाइलवर मुकाट्यानं हजारो भरणारा माणूस घण घालून घामाघूम झालेल्या बाईसमोर घासाघीस करतो, याची मला चीड येते. घिसाडी आणि गाडी लोहार सरकारी यादीत भटक्या जमाती (ब) मध्ये आहेत. कारखान्याचे कोयते-विळे दुकानात आले तसं त्यांचं गिऱ्हाईक घटलं. रस्ते चौपदरी होतात तशी पाल टाकायची कडेची जागाही जाते. कारागीर टिकावा असं म्हणणाऱ्यांनी आधी त्याचा पूर्ण भाव द्यावा.

दुसरी मागणी गावच्या कारभाऱ्यांकडे. आठवडे बाजारात भाजीवाल्याला ओटा मिळतो, कापडवाल्याला ओळ मिळते. भट्टीला लागते दहा फूट मोकळी जागा, वर पत्र्याची सावली आणि जवळ पाण्याचा नळ. बाजाराची पावती फाडणाऱ्यांनी एवढं या उन्हाळ्याआधी करून द्यावं.