कैरोकर

पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत एक तरी कैरोकर सापडतोच. आडनाव काहीही असू दे, माणूस तोच. दुबईला जाऊन आलेला या जातीत मोडत नाही. तो खजूर आणि अत्तर वाटतो आणि आठ दिवसांत माणसांत येतो. जर्मनीहून आलेला फार तर सहा महिने वक्तशीरपणाचा छळ मांडतो. पण तीन महिन्यांच्या कमिशनिंगला म्हणून इजिप्तला धाडलेला आणि तिथं तीन वर्षं मुरलेला माणूस परत येतो, तो जन्माचा कैरोकर होऊन.

आमचे कैरोकर प्राधिकरणात, सेक्टर 27 मध्ये राहतात. नोकरी चाकणच्या एका स्पेशल मशीन बनवणाऱ्या कंपनीत. घरात शिरलात की समोरच्या भिंतीवर पपायरसचं चित्र: तराजूत हृदय तोलणारा कोल्हातोंड्या देव, आणि खाली चित्रलिपीत खुद्द कैरोकरांचं नाव. खान अल-खलीलीच्या बाजारात पपायरस म्हणून केळीच्या सोपटाचे कागदसुद्धा बिनदिक्कत खपवतात, ही माहिती कैरोकरच आल्या-गेल्याला देतात. आपल्या भिंतीवरच्या नगाचं इन्स्पेक्शन मात्र त्यांनी आजवर केलेलं नाही.

मग चहा येतो. बिनदुधाचा, काचेच्या पेल्यात, तळाशी साखरेचा थर, वर पुदिन्याची काडी. ‘तिकडं असाच घेतात.’ आपण दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला की वहिनी काही न बोलता आल्याचा चहा आणून देतात. ही व्यवस्था आता इतकी रुळली आहे की नेहमीचे लोक पहिल्या पेल्याला हातच लावत नाहीत.

कोशारीतून मात्र सुटका नाही. तांदूळ, मसूर, मॅकरोनी आणि छोले एकत्र, त्यावर टोमॅटोचा आंबट रस्सा आणि कुरकुरीत कांदा, हे कैरोचं रस्त्यावरचं खाणं. पक्के शाकाहारी कैरोकर तिथं त्याच्यावर जगले, आणि त्या उपकाराची फेड म्हणून दर कोजागरीला मसाला दुधाच्या आधी आम्हाला ती खायला लागते. ‘फ्रीज रिकामा करायचा असला की मीही हेच करते,’ वहिनी म्हणतात, ‘पण चारचौघांत सांगत नाही.’

त्यांचं तिकडचं गाव कैरोशेजारचं ‘सिक्स्थ ऑफ ऑक्टोबर’. 1973 च्या युद्धात इजिप्तच्या फौजा 6 ऑक्टोबरला सुवेझ कालवा ओलांडून गेल्या, त्या तारखेचं नाव शहराला दिलेलं. सेक्टर 27 मधल्या माणसाला तारखेच्या नावाच्या गावात राहायला काहीच अडचण वाटली नाही. अडचण पुढे आली. कैरोच्या दुसऱ्या बाजूला ‘टेन्थ ऑफ रमजान’ नावाचं आणखी एक औद्योगिक शहर आहे, आणि ती तारीख म्हणजे हिजरी कॅलेंडरातला तोच दिवस. कैरोकरांच्या मशीनचे बेअरिंग एकदा तिकडं जाऊन पडले. यांनी ट्रान्सपोर्टवाल्याला झापलं, तर तो शांतपणे म्हणाला, ‘दिवस तर तोच आहे ना?’ या उत्तरावर कैरोकर आजही खूश आहेत. ‘भोसरीतला कुठला ट्रान्सपोर्टवाला देईल असं उत्तर?’

(भोसरीतला देईल. पण मी बोललो नाही.)

कैरोत रस्ता ओलांडणं ही परदेशी माणसाची पहिली परीक्षा. बरोबरचे जर्मन इंजिनियर हॉटेलच्या दारात अर्धा अर्धा तास उभे राहायचे. कैरोकर चाकणच्या तळेगाव चौकात घडलेले. एक हात आडवा धरायचा, गाडीकडे बघायचंच नाही, चालत सुटायचं. मागून दोन जर्मन, कैरोकरांच्या शर्टाला धरून. पलीकडच्या बोळात शिरले तर समोर बजाजची काळी तीनचाकी, तिथली ‘टुकटुक’. मीटर नाही, भाडं ड्रायव्हरच्या तोंडाला येईल ते. ‘आकुर्डीची गाडी!’ म्हणून कैरोकरांना भरून आलं. ती बनते वाळूजला, आकुर्डीत मुख्य कचेरी आहे, असल्या बारकाव्यात शिरायची ती वेळ नव्हती. पुढे 2021 साली इजिप्तनं तिच्या मुख्य सुट्या भागांची आयात थांबवली, तेव्हा कैरोकर घरी परतलेले होते. त्या संध्याकाळी ते वॉकला आले नाहीत.

इथवर ते चारचौघांसारखे. खरे कैरोकर सुरू होतात पिरॅमिडपाशी. बाकीचे लोक पिरॅमिडपुढे उंटावर बसून फोटो काढतात. यांनी फूटपट्टी काढली नाही एवढंच.

‘खुफूच्या पिरॅमिडमध्ये दगड किती? साधारण 23 लाख. एकेक सरासरी अडीच टनांचा. मुदत किती? वीस वर्षं धरा. म्हणजे दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास. दहा तासांची शिफ्ट धरली तर टॅक्ट टाइम किती आला?’ इथं ते थांबतात. समोरच्यानं उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. समोर बहुधा बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात. ‘दोन मिनिटं! दर दोन मिनिटांना अडीच टनाचा दगड जागेवर. क्रेन नाही, फोर्कलिफ्ट नाही, चाकाचासुद्धा फारसा उपयोग नाही. आणि पाया एवढा मोठा असून लेव्हलमध्ये फरक दोनेक सेंटिमीटरचा. आमच्याकडं शेडचं फ्लोअरिंग करून घ्या, मग कळेल.’

आणि हे पहिल्या फटक्यात जमलेलं नाही, यावर त्यांचा विशेष भर. खुफूचा बाप स्नेफेरू. मेदूमच्या पिरॅमिडशी त्याचं नाव जोडतात, त्याचं बाहेरचं आवरण ढासळलेलं. मग दहशूरला दुसरा. निम्म्या उंचीवर गेल्यावर कोन 54 अंशांवरून 43 वर आणला, म्हणून तो वाकडा दिसतो. ‘ड्रॉइंग चालू जॉबवर बदललं! आपल्याकडं कस्टमर करतो तसंच.’ तिसरा लाल पिरॅमिड सुरुवातीपासूनच 43 अंशांनी चढवला, तो सरळ उभा राहिला. ‘बापानं तीन ट्रायल घेतल्या, म्हणून पोराचा पीस ओके झाला. पण फोटो कोणाचे निघतात? पोराचे.’ एवढं बोलून ते जरा गप्प होतात. कंपनीत त्यांची प्रमोशनं कशी झाली, हे ठाऊक असणारे मग विषय बदलतात.

मी इजिप्तवरची दोन-चार पुस्तकं वाचली आहेत. त्यांत राजे भेटले, देव भेटले. मस्टर मला कैरोकरांमुळे भेटलं. दुसऱ्या रामसेसच्या काळातला चुनखडीचा एक मोठा तुकडा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यावर राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांच्या खाड्यांची नोंद आहे. कारणांसहित: विंचू चावला, डोळे आले, आईचं अंत्यकर्म, बिअर गाळायची होती. ‘शेवटचं कारण सोडलं तर सगळी आमच्या टाइम ऑफिसला येतात,’ कैरोकर म्हणतात. जरा विचार करून, ‘शेवटचंही येतं, फक्त असं लिहीत नाहीत.’

याच माहितीचा एकदा उपयोगही झाला. सोसायटीच्या वॉचमनांचा पगार कंत्राटदारानं थकवला होता. मीटिंगमध्ये ‘बघू, पुढच्या महिन्यात’ चाललेलं. कैरोकर उभे राहिले आणि तिसऱ्या रामसेसपासून सुरुवात केली. इसवी सनापूर्वी 1157 च्या सुमाराला थडग्यांच्या कामगारांचं धान्य थकलं, तेव्हा ते हत्यारं खाली ठेवून देवळांमागे जाऊन बसले. लेखी पुराव्यानं ठाऊक असलेला हा सगळ्यात जुना संप, त्याचा पपायरस इटलीत तुरिनला आहे... खजिनदारांनी घड्याळ पाहिलं. आणखी अनेक फेरो शिल्लक होते. त्यांनी तिथल्या तिथं चेक लिहिला.

अबू सिंबेलचं देऊळ त्यांना धर्मस्थळासारखं आहे, पण कारण देव नव्हे. आस्वानच्या धरणात बुडणार म्हणून 1964 ते 1968 मध्ये ते कापून, सुमारे 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे नेऊन जसंच्या तसं जोडलं. वर्षातून दोन दिवस आतल्या मूर्तींवर ऊन पडतं. हलवल्यानंतर ते एका दिवसानं सरकलं असं सांगतात. ‘आख्खा डोंगर हलवून एरर किती? एक दिवस! आमचा पेंटरसुद्धा एवढ्यात येत नाही.’

एवढं जुनं पाहणाऱ्या माणसाला तिकडच्या कारखान्यातल्या फोरमननं एकदा विचारलं, तुमच्या गावात सर्वांत जुनं काय आहे? कैरोकर बुचकळ्यात पडले आणि म्हणाले, ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स.’ पिंपरीतला औषधांचा कारखाना, साल 1954. पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे, हे त्यांना रात्री आठवलं. चाकणचा संग्रामदुर्ग, जिथं 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यानं शाहिस्तेखानाला दोन महिने झुंजवलं, तो तर आठवलाच नाही. कसा आठवणार? कंपनीची बस तिथं थांबत नाही, आणि कारखान्याची गुरुवारची साप्ताहिक सुट्टी गाडी धुण्यात जाते.

मागच्या वर्षी त्यांच्याच कंपनीतला एक पोरगा इजिप्तला निघाला. कैरोकरांनी त्याला जिन्यात गाठून दोन तास दीक्षा दिली: गोडा मसाला भरपूर ने, उंटवाल्याशी उतरायचे पैसे चढायच्या आधी ठरव, सुटे पैसे जवळ ठेव, आणि ते ‘बुकरा’ म्हणाले, म्हणजे उद्या, तर उद्याचा दिवस मोकळा ठेवू नको. पोरगा गेला. पंधरा दिवसांनी त्यानं शॉप फ्लोअरवरून व्हिडिओ कॉल लावला. आम्ही चारजण कैरोकरांकडेच चहाला बसलो होतो.

पडद्यावर तो जुना फोरमन आला. त्याच्यामागे फिटर, वेल्डर, स्टोअरवाला, सगळे तोंड घालून. पोरगा सांगत होता, ‘सर, यांना माझ्याआधीच सगळं माहितीये. गुरुवारची सुट्टी, चिंचवडचा गणपती, नाशिक फाट्याचा दुमजली पूल. तुम्ही इथं तीन वर्षं दुसरं काही बोलतच नव्हता म्हणे. तुमचं नाव इथं ‘शिंशवाड’ पडलंय.’

वहिनींनी पदर तोंडाला लावला. कैरोकर एकदम घाईघाईनं कुणाची तरी तब्येत विचारायला लागले. तेवढ्यात फोरमननं फोन जवळ घेतला, अरबीत काहीतरी लांबलचक विचारलं आणि उत्तरासाठी थांबला.

‘काय म्हणतोय?’ आम्ही विचारलं.

‘तळेगाव चौकातला जाम सुटला का, विचारतोय,’ कैरोकर म्हणाले, आणि फोनकडं वळून मोठ्यानं, ‘बुकरा! बुकरा!’