अनोळखी पाहुण्याच्या चढ्या चालीस द्यावयाचे उत्तर

मर्यादित होल्डेम हा पोकरचा असा प्रकार आहे, ज्यात प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते गुप्तपणे मिळतात, पाच पत्ते सर्वांसमोर उघडे मांडले जातात, आणि लावावयाच्या रकमेचे माप आधीच ठरलेले असल्यामुळे कितीही चेकाळलेल्या खेळाडूला एका खेपेस त्या मापाबाहेर जाता येत नाही. धार आणि देवास या माळव्यातील जुन्या पवार संस्थानांच्या गावी राहणाऱ्या मराठी घरांना हे नाव माहीत असण्याचे कारण नाही. तेथे दिवाळीत सतरंजीवर तीन पत्ती बसते. मात्र घरातील वडीलधारे चालीवर जी कमाल मर्यादा घालतात, तिच्यामुळे होल्डेमच्या या प्रकाराचा मूळ प्रश्न तेथेही जसाच्या तसा उभा राहतो: ज्याला आजवर कधी खेळताना पाहिले नाही असा पाहुणा चालीवर चाल चढवू लागला, तर यजमानाने काय करावे?

प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कायदेशीर स्थितीविषयी प्रथम खुलासा करणे आवश्यक आहे. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्याच्या, १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला आणि त्याच ओघात तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचे सांगून टाकले. ज्या खेळात कौशल्य नाही त्याचे कौशल्य शिकवणारा ग्रंथ हा न्यायतः अशक्य ग्रंथ ठरतो, ही अडचण मान्य करूनच पुढे जावे लागते. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याचा मान राखण्यासाठी येथे पैशांऐवजी चिंचोके गृहीत धरले आहेत. १९७४ साली स्थापन झालेली, नोटा छापणारी बँक नोट प्रेस ज्या देवासात आहे, तेथल्या रहिवाशांना ही तडजोड विशेष जड वाटणे स्वाभाविक आहे.

आता परिभाषा. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने मध्ये टाकावयाचा चिंचोका म्हणजे बूट. पत्ते न पाहता खेळणे म्हणजे ब्लाइंड. पत्ते पाहून लावणे म्हणजे चाल, आणि ती ब्लाइंडच्या किमान दुप्पट असते. पत्ते टाकून देणे म्हणजे पॅक. आणि दोघेच उरले असता एकाने ठरलेली किंमत मोजून दोघांचे पत्ते उघड करवणे म्हणजे शो. साइड शो, म्हणजे शेजाऱ्याशी गुपचूप पत्ते ताडून पाहणे, याचा विचार येथे केलेला नाही. ज्या देवासात थोरली आणि धाकटी अशा दोन पातींचे दोन दरबार १९४८ पर्यंत एकाच गावात शेजारी शेजारी नांदले, तेथे त्याविषयी बाहेरच्याने काही शिकवू नये हे बरे.

पाहुण्याचे वर्गीकरण तो ब्लाइंड खेळतो की पाहून, एवढ्यावरच करावे. त्याचा आवाज, बसण्याची ढब, किंवा दर चालीला इंदुरी थाटात मारलेली ‘चलो भिया’ ही आरोळी यांना पुराव्याचा दर्जा नाही. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे संच निघतात आणि त्यांपैकी १६,४४० संचांत, म्हणजे चारांतील जवळजवळ तिनांत, जोडीसुद्धा नसते. ब्लाइंड खेळणाऱ्या पाहुण्याचे पत्ते त्यालाच ठाऊक नसल्याने त्याची आक्रमकता पत्त्यांविषयी काहीही सांगत नाही, फक्त त्याच्या स्वभावाविषयी किंवा दुपारच्या जेवणाविषयी सांगते. अशा वेळी यजमानाच्या हाती दुर्रीची जोडी असली तरी तो चारांतून सुमारे तीनदा पुढे असतो, आणि तरीही माळव्यातील असंख्य यजमान ती जोडी पाहुण्याच्या आवाजाला घाबरून पॅक करत आले असावेत, असा तर्क करण्यास जागा आहे. पुष्कळ घरांत ब्लाइंड खेळणाऱ्याकडून शो मागता येत नाही, त्यामुळे पाहिलेल्याला दुप्पट भरत राहावे लागते. हा खर्च पाहुणचाराच्या खात्यावर टाकावा.

पाहून खेळणाऱ्या पाहुण्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण त्याच्या चालीमागे काहीतरी असू शकते. समजा, मध्ये १४ चिंचोके आहेत, दोघेच उरले आहेत, आणि पाहुण्याने मर्यादेइतकी, म्हणजे २ चिंचोक्यांची, चाल केली आहे. शोसाठी यजमानाला २ मोजावे लागतात आणि जिंकल्यास मधले १६ मिळतात. याचा अर्थ, पाहुणा नवांतून एकदाच ब्लफ, म्हणजे पत्त्यांत दम नसताना बळाचा आव, करत असला तरी शो मागणारा बरोबरीत सुटतो, आणि दोनदा करत असला तर फायद्यात राहतो. हाच पाहुणा मर्यादा नसलेल्या खेळात १४ च्या डावावर आणखी १४ लावू शकला असता आणि मग शो परवडण्यासाठी तो तिनांतून एकदा तरी खोटा असावा लागला असता. मर्यादेने पाहुण्याचे मोठे शस्त्र आधीच काढून घेतलेले असते. त्याच्या भीतीने चांगले पत्ते टाकणारा यजमान न उगारलेल्या तलवारीपुढे मान झुकवतो. उलट, मानभंग झाला म्हणून पाहुण्यावर चाल चढवणे हेही मध्यम पत्त्यांवर अयोग्य होय, कारण ज्याचा ब्लफ होता तो अशा वेळी निमूटपणे पॅक करतो आणि ज्याच्याकडे खरोखर रंग, म्हणजे एकाच चिन्हाचे तीन पत्ते, किंवा सिक्वेन्स, म्हणजे ओळीचे तीन पत्ते, आहे तो मात्र प्रसन्न होऊन आणखी भरतो. म्हणून किंमत भरावी, शो मागावा, आणि हरल्यास पाहिलेले पत्ते लक्षात ठेवावेत, कारण अनोळखी माणसाची ओळख इतक्या स्वस्तात अन्यत्र मिळत नाही.

हे गणित मर्यादा टिकून असेपर्यंतच खरे असते, याला इतिहासाचा आधार धारपासून फार दूर नाही. मराठ्यांची चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे महसुलाचा आणखी दशांश. आक्रमणाचे माप इतक्या सभ्यपणे आधी जाहीर करणारा प्रतिस्पर्धी अठराव्या शतकात विरळाच, आणि त्या अर्थाने पवारांचे पूर्वज मर्यादित खेळाचे खेळाडू म्हणता येतील. माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याला ही मागणी मान्य नव्हती. आजच्या धार जिल्ह्यातील अमझेरा येथे २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेशी त्याची गाठ पडली, उदाजी पवार त्या फौजेत होते, आणि सुभेदार रणात मारला गेला. ठरीव मापाची चाल नाकारली की समोरचा मापातच राहील, असे त्याने गृहीत धरले असल्यास त्या शोची किंमत त्याने हिशेबात धरली नव्हती असे म्हणावे लागते. घरगुती डावात हा धोका सतरंजीवरील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांमुळे टळतो. काकीसाहेब दिवाणखान्यातून उठून गेल्या, की मर्यादा उठली असे समजून यजमानाने अधिक सावध व्हावे.

अनोळखी प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या खेळाची शास्त्रीय परिसीमा कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात गाठली गेली. जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून मायकेल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की दोघांतला मर्यादित होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सुटला आहे. त्यांचा सेफियस हा संगणकीय खेळाडू असंख्य डाव स्वतःशीच खेळून, जी चाल न केल्याचा नंतर पश्चात्ताप झाला असता ती पुढच्या खेपांस अधिक वेळा करत शिकला. त्याचा खेळ इतका निर्दोष मानला जातो की एखाद्याने सत्तर वर्षे, रोज बारा तास त्याच्याशी उत्तमोत्तम खेळ केला तरी आपण खरोखर पुढे आहोत अशी खात्री त्याला देता येणार नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की सेफियस समोरच्याविषयी काहीही जाणून घेत नाही. तो कोणत्या गावचा, कोणाचा मेहुणा, पोहे खाऊन आला की उपाशी, ही चौकशीच त्याच्या रचनेत नाही, आणि एवढ्याच एका कारणासाठी देवासच्या कोणत्याही मराठी घरात त्याला सतरंजीवर बसवून घेतले जाणार नाही.

चौकशी करून खेळणाऱ्या माणसांसाठी अनुभवाचा कौल असा, की आरडाओरडा करणारा पुण्या-बंगळुरूचा तरुण बहुधा ब्लफ करत असतो, तर तासभर गप्प राहून एकदाच चष्मा सारखा करत चाल चढवणाऱ्या आत्याबाईंपुढे वर सांगितलेला नवांतून एकाचा हिशेब गुंडाळून ठेवावा आणि राजाची जोडीही विनातक्रार पॅक करावी.

एक अपवाद मात्र गणितात बसत नाही. पाहुणा दिवाळसणाला आलेला नवा जावई असेल, तर त्याने ब्लाइंड चढवो वा पाहून, त्याच्याकडून शो मागू नये. हाती एक्क्यांची ट्रेल, म्हणजे तीन एक्के, असली, जी २२,१०० पैकी अवघ्या चार संचांत सापडते, तरी जावईबापूंच्या पत्त्यांची तोंड भरून स्तुती करत ती पॅक करावी, आणि पत्ते गड्डीत सरकवताना ते सासूबाईंना दिसणार नाहीत याची दक्षता घ्यावी. पुढच्या दिवाळीस तो अनोळखी राहिलेला नसतो. तेव्हा त्याची पहिलीच चाल पाहून शो मागण्यास शास्त्राची हरकत नाही.